सटवाजीचा आखूड गज

वेढेखडकीच्या टेकडीखाली जो मोठा घुमट आहे, त्याच्या माथ्यावर आभाळ दिसते. पाहुणे विचारतात, उजेडासाठी भोक ठेवलेय का? मीही शाळेतल्या मुलांना पुष्कळ वर्षे तसेच सांगत होतो. गावातले पाथरवट मात्र वेगळे सांगतात, आणि हल्ली मला त्यांचेच खरे वाटते. निदान एखाद्या दिवशी तरी वाटते.

उत्तरेचा एक बादशहा दक्षिणेत मुक्कामाला आला, तेव्हा त्याने येथे दरबारमहाल बांधायला काढला, असे सांगतात. कोणता बादशहा? दोन नावे घेतात. सालांचा मेळ एकाच्याही बाबतीत बसत नाही. स्थपती होते उस्ताद फरुखबेग. भिंती त्यांच्या उत्तरेकडच्या कारागिरांनी उभ्या केल्या. घुमटाचे दगड तेवढे टेकडीवरच्या खाणीतून घडवून आणायचे होते. ते काम गावच्या सटवाजी पाथरवटाला मिळाले. उस्तादांनी हुकूम दिला, इतक्या गजांचे इतके दगड, आणि सटवाजीने तसे घडवले.

दगड वर चढले, पण माथ्यावरचे कडे मिटेना, मध्ये भोक राहिले.

"सटवाजी, उंदरांनी कुरतडले काय रे तुझे दगड?"

"उंदीर तुमच्या गजाला लागले असतील, उस्ताद. माझा गज आजाच्या हातचा आहे."

दोघांनी आपापला मापायचा गज आणून शेजारी शेजारी ठेवला. सटवाजीचा चार बोटे आखूड होता. मग कोणी हसले नाही. गावोगावचा गज वेगळा असतो, हे उस्तादांना ठाऊक होते. पण बादशाही गज असताना दुसऱ्या गजाने कोणी दगड मापील, हे त्यांच्या ध्यानातच आले नव्हते. आणि सटवाजीला गज म्हणजे आपलाच, एवढेच माहीत.

आठ दिवसांनी बादशहा आला. वर पाहिले. म्हणाला, "ज्याची चूक, त्याचा उजवा हात."

सटवाजीने हात अंगरख्यात घेतला, असे म्हणतात. बादशाही गज चुकीचा ठरणे शक्यच नव्हते. तेव्हा कोणाचा हात जाणार, हे सगळ्यांना कळले होते. बादशहाने तरी उस्तादांना विचारले, "याला आपला गज दाखवला होता?"

"नाही, हुजूर. त्याने मागितला होता. मी दिला नाही."

सटवाजीने गज मागितलाच नव्हता. तो गोंधळून उस्तादांकडे पाहत राहिला. बोलायला तोंड उघडेपर्यंत शिपायांनी उस्तादांना बाहेर नेले होते.

उस्ताद खोटे का बोलले? कोणी म्हणतात, दयेपोटी. कोणी म्हणतात, वय झाले होते, त्यांना खरेच तसे आठवत होते. मी यावर बराच विचार केला. ठाम काही सांगता येत नाही.

उस्तादांच्या हाताची जखम भरत आल्यावर सटवाजी त्यांच्या डेऱ्यात गेला म्हणे. दारातच उभा राहिला.

"उस्ताद, मी गज मागितला नव्हता."

"ठाऊक आहे."

"मग?"

"तू कशाला मागशील? हुकूम माझा होता. आधी मीच माझा गज पुढे ठेवायला हवा होता."

डेऱ्यात तिसरे कोणी नव्हते, मग हे बोलणे गावाला कळले कसे, असे मी एका म्हाताऱ्या पाथरवटाला विचारले. तो म्हणाला, "सर, सटवाजी जन्मभर दुसरं काही बोललाच नाही."

बादशहाची स्वारी पुढे निघून गेली. घुमट तसाच राहिला.

आजही वेढेखडकीत घराचा पाया आखताना मालक आणि गवंडी आपापला टेप जमिनीवर शेजारी शेजारी पसरतात. दोन्ही एकाच दुकानातून आणलेले असतात, तरी पसरतात. गेल्या वर्षी शहरातून आलेला एक मालक हसून म्हणाला, "अहो, घ्या की मापायला, फरक कसला पडणार?" गवंडी आपला टेप हातात धरून उभाच राहिला.

"आधी तुमचा, मालक."

मालक वाकला.