सत्यभामाबाईंचे सरडे

देवपाटी संस्थानात सलग दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला, आणि दिवाण त्र्यंबकराव राजोपाध्यांनी खर्चाचं कारण सांगून सरकारी अन्नछत्राच्या चुली विझवल्या. छत्राबाहेर पिंपळाखाली माणसं नुसती पडून राहू लागली.

सत्यभामाबाई धारप प्राणिशास्त्रज्ञ होत्या. संस्थानच्या टेकड्यांवर सरडे पाहण्यात त्यांची हयात गेली होती. एकाच जातीचे सरडे पिढ्यानपिढ्या कसे बदलत गेले, यावर त्यांनी पुस्तक लिहिलं होतं. त्या तडक दरबारात गेल्या आणि चुली पेटवा म्हणाल्या.

दिवाणांनी तेच पुस्तक महाराजांपुढे उघडलं. "बाई, हे तुम्हीच लिहिलंत ना? दुष्काळात दुबळे जीव मरतात आणि तगणारे उरतात. मग निसर्गाच्या कामात आम्ही कशाला ढवळाढवळ करावी?"

दरबारी हसले. आपल्याच वाक्यानं माणसं मारली जाताहेत, हे बाईंना कळलं. पण आवाज त्यांनी चढू दिला नाही.

"लिहिलंय खरं, दिवाणसाहेब. पण ते सरड्यांबद्दल. सरड्यांमध्ये दिवाण नसतो, म्हणून त्यांच्यातले दुबळे मरतात. आपल्या राज्यात आहे, असं ऐकून मी आले होते."

हसू थांबलं. महाराजांनी दिवाणांकडे पाहिलं, तर त्यांना पुस्तकातून मान वर करवेना.

"कोठार उघडा," एवढंच महाराज म्हणाले.

दुपारी चुली पेटल्या. बाई स्वतः पेजेचं भांडं घेऊन पिंपळाखाली गेल्या. हाकेसरशी कितीतरी जण उठून बसले. काही मात्र हलवूनही उठले नाहीत.