सरकारांच्या रायफलीची नळी

कुसवडे संस्थानच्या भगवंतराव सरकारांचा नेम अचूक, अशी त्यांची स्वतःची समजूत. त्यांनी चाप ओढला की त्याच क्षणी मागच्या झुडपातून कोंडजी शिकारी बार काढी. रानडुक्कर पडे, दरबारी वाहवा करीत आणि सरकार मिशीला पीळ भरीत. ही गंमत सरकार सोडून सगळ्यांना ठाऊक होती, राणीसाहेबांनासुद्धा.

परवा मात्र पाहुण्यांदेखत डुक्कर आरामात निघून गेलं. सरकार भर दरबारात गरजले, "रायफलीची नळी झिजलीय! विलायतेहून नवी मागवा, आणि बंदुका सांभाळणाऱ्या रघोबाला हाकला!"

दरबाऱ्यांनी माना डोलावल्या. रघोबाचं तोंड उतरलं. राणीसाहेबांना मात्र राहवेना. पडद्याआडून त्या म्हणाल्या, "नळी कशाला? क्विनाईन मागवा."

"क्विनाईन?"

"हो. आपला नेम कोंडजीच्या झोपडीत तापाने फणफणलाय."