तीन बोटं डिझेल

घाटाच्या अलीकडे एक आडगाव होतं आणि त्या गावात दोन जीपवाले होते. एक म्हातारा केरबातात्या, दुसरा तरणाबांड जोतीराम. तालुक्याचं गाव घाटापलीकडे तीस किलोमीटरवर. पंप तिथेच आणि दवाखानाही तिथेच.

जोतीरामचं गाडी चालवणं म्हणजे काय विचारता! जाडजूड बूट घालून अॅक्सिलरेटरवर नुसता उभा राहायचा. वळण आलं की करकचून ब्रेक, वळण सरलं की पुन्हा दामटलीच. मागे काळा धूर. अंगणातले पापड काळे झाले, रस्त्याकडेच्या आंब्याचा मोहोरसुद्धा काळवंडला. बायका बोटं मोडायच्या आणि हा पठ्ठ्या हसायचा. वर केरबातात्याला चिडवायचा, "तात्या, बैल जुंपा गाडीला. लवकर पोचाल!"

केरबातात्याची तऱ्हाच निराळी. देवळात शिरावं तसा तो चपला काढून गाडीत बसायचा आणि अनवाणी चालवायचा. दोन्ही जीपचे डिझेल दाखवणारे काटे कधीचे बंद पडलेले. म्हणून टाकीत बांबूची काडी बुडवायची आणि किती ओली झाली ते बोटांनी मोजायचं, ही तिथली रीत. घाट ओलांडायला पाच बोटं डिझेल लागतं, असं जोतीराम छातीठोक सांगायचा.

एके दिवशी दुपारी जोतीरामच्या बायकोला, शेवंताला, कळा सुरू झाल्या. सुईणीने पोटाला हात लावला आणि तिचा चेहराच उतरला. "मूल आडवं आलंय. दवाखाना गाठा, नाहीतर दोघंही हाती लागायची नाहीत."

जोतीराम जीपकडे धावला. काडी बुडवली. कोरडी ठणठणीत! सकाळीच एका टेंपोवाल्याशी शर्यत लावून त्याने होतं नव्हतं ते डिझेल जाळलं होतं. दवाखान्याची गाडीही दुसऱ्याच गावाला गेलेली. तो तसाच केरबातात्याच्या दारात गेला. तात्याने आपल्या टाकीत काडी बुडवली. तीन बोटं.

"तात्या, ते माझ्या टाकीत ओता! माझी गाडी पळते."

"पळते रे, पण पोचते का? टपावरची पोती उतरव आणि शेवंताला घेऊन ये."

"अहो, तीन बोटांत घाट होत नाही!"

"तुझ्या पायाला होत नसेल," तात्या म्हणाला आणि त्याने चपला काढल्या.

जोतीराम शेवंताचं डोकं मांडीवर घेऊन मागे बसला. जीव नुसता टांगणीला लागलेला. सपाटीवरच तात्याने गाडीला हळूहळू वेग आणला आणि तो वेग न मोडता चढ धरला. पुढचं वळण त्याला आधीच दिसत होतं. तिथे पोचेपर्यंत गाडी आपोआप मंदावलेली असे, ब्रेकवर पाय जातच नव्हता. इंजिन ओरडत नव्हतं, धूर नव्हता. कठड्यावर एक मोर बसला होता. गाडी जवळून गेली तरी तो उडाला नाही. जोतीराम बघतच राहिला. इतकी वर्षं तो या घाटातून गेला, पण इथे मोर आहेत हे त्याला आजच कळलं!

उतार लागला तसा तो न राहवून म्हणाला, "तात्या, आता न्यूट्रल करा. डिझेल वाचेल."

"गिअर काढला की गाडी आपली राहत नाही, पोरा. गिअरातच असू दे. नुसता पाय उचलायचा, म्हणजे तीच स्वतःला आवरते."

आणि खरंच, तो एवढा मोठा घाट तात्याच्या अनवाणी पायाखालून अलगद उतरून गेला. दवाखान्याच्या दारात गाडी थांबली तेव्हा जोतीरामने घड्याळ पाहिलं. त्याला रोज लागायचा त्या वेळेपेक्षा फक्त आठ मिनिटं जास्त लागली होती.

तासाभराने आतून रडणं ऐकू आलं. मुलगी झाली होती आणि शेवंता सुखरूप होती. जोतीराम बाहेर आला आणि त्याने काडी तात्याच्या टाकीत बुडवली. एक बोट ओली! अजून एक बोट डिझेल शिल्लक होतं. त्याला हसावं की रडावं कळेना. त्याने तिथेच रस्त्यावर केरबातात्याचे पाय धरले.

आठ दिवसांनी तात्या मायलेकींना घरी न्यायला आला. त्याने किल्ली जोतीरामच्या हातात दिली. जोतीरामने गाडीचं दार उघडलं, क्षणभर थांबला, खाली वाकून बूट काढले आणि मगच आत बसला. मोर कठड्यावरच होता. अख्खा घाट सरला, तरी शेवंताच्या कुशीतल्या लेकीची झोप काही मोडली नाही.

तात्पर्य: हलक्या पायाने चालवलेली गाडी इंधन राखते, हवा राखते आणि वेळप्रसंगी माणसाचा जीवही राखते.