न खुडलेली ओळ

एका राज्यात फुलं फुलत, पण फळ म्हणून धरत नसे. हे झालं कसं, ते ऐका.

राजा उग्रकेतूची राणी मधमाशीच्या डंखाने गेली. दुःखाने वेडापिसा होऊन राजाने हुकूम सोडला, "राज्यातलं पोळं न् पोळं जाळा! रोज सकाळी बागेत धुरी पेटवा. एक चिलट दिसता कामा नये." शेवटचं पोळं जळताना त्यातून सोन्याच्या पंखांची राणीमाशी निघाली आणि बोलली, "राजा, तुझ्या बागेत फळ धरेपर्यंत तू दगड होत जाशील."

तसंच झालं. आधी पावलं दगडाची झाली, मग गुडघे, मग कंबर. बागेतला भोपळ्याचा वेल फुलांनी पिवळाजर्द होई, पण मादीफुलामागची इवली गाठ तिसऱ्या दिवशी गळून पडे. दगड छातीला टेकला, तेव्हा राजकन्या चित्रलता खिडकीशी बसून रडू लागली.

खिडकीत एक कोतवाल पक्षी येऊन बसला. म्हणाला, "रडतेस काय? राज्याबाहेर, नदीपल्याड तुझ्या आत्याच्या मळ्यात वांगी लगडलीत. चल!"

आत्या कुमुदावती म्हणजे राजाची थोरली बहीण. मधमाश्यांची पोळी जाळली त्याच दिवशी तिने राजवाडा सोडला होता. तिचा मळा पाहून चित्रलता थक्क झाली. वांगी काय, घेवडा काय, भोपळे काय! मधोमध मात्र कोथिंबिरीची एक ओळ न खुडता पांढऱ्या फुलांवर सोडलेली.

"ही वाया का घालवलीत, आत्याबाई?"

"ही पाहुण्यांची. माझे तीन पाहुणे ओळख, मग बोलू."

आत्याने पानावरचं दव तिच्या डोळ्यांत घातलं. लगेच मोहरीचा दाणा कलिंगडाएवढा दिसू लागला.

घेवड्याच्या शेंड्यावर रस शोषणारी मावा कीड चिकटली होती. त्यात एक काळा, काटेरी, कुरूप जीव फिरत होता. चित्रलतेने "शी!" म्हणून तो चिरडला.

"अगं, काय केलंस हे! ढालकिड्याचं, त्या लाल ठिपकेवाल्या भुंग्याचं, पिल्लू ते. माझा पहारेकरी मारलास!"

चित्रलतेला रडूच कोसळलं. दुसरं पिल्लू येईपर्यंत ती तिथून हलली नाही. ते आलं, आणि सकाळची दुपार झाली तरी मावा गट्ट करतच राहिलं. अहो, शेंडा लख्ख झाला!

दुसऱ्या दिवशी कुंभारमाशी आली. तोंडात चिखलाची गोळी, कंबर ही एवढीशी. तिने काठीवर गाडगं घडवलं, नाजूक काठ वळवला, आणि पानं कुरतडणाऱ्या अळ्या उचलून आत भरल्या. "पिल्लांचा शिधा भरतेय," आत्या म्हणाली.

तिसऱ्या दिवशी आली मधमाशी. चित्रलता दोन पावलं मागे सरली. माशी भोपळ्याच्या नरफुलात शिरली, परागाने माखून निघाली आणि थेट मादीफुलात गेली.

"हिनेच माझी आई नेली," चित्रलता म्हणाली.

"आणि हिनेच हा मळा पिकवला. दोन्ही खरं आहे, पोरी." आत्याचेही डोळे भरले होते. "घेऊन जा यांना. कोथिंबिरीच्या फुलांतल्या मधासाठीच हे माझ्याकडे येतात, तीही ने. पण राजाने स्वतः 'धुरी नको' म्हटलं, तरच हे राहतील."

चित्रलतेने फुललेल्या कोथिंबिरीची कुंडी डोक्यावर घेतली. पाहुण्यांचा थवा मागोमाग निघाला.

राजवाड्यात दगड हनुवटीला भिडला होता. सेवक निखारे घेऊन उभा. एक मधमाशी राजाच्या गालावर बसली.

"महाराज, धुरी पेटवू?"

राजाने लेकीकडे पाहिलं. "चित्रलते, तुझी आई..."

"माहीत आहे, आबासाहेब. मलाही भीती वाटते."

दगड खालच्या ओठाला लागला. राजाने डोळे मिटले.

"धुरी नको," तो म्हणाला, आणि त्याचे ओठ दगडाचे झाले.

माशी उडाली, नरफुलात शिरली, मग मादीफुलात. तीन दिवस अख्खा वाडा त्या गाठीकडे टक लावून बसला. गाठ गळली नाही, लिंबाएवढी झाली. तडतड आवाज करत दगड राजाच्या अंगावरून खाली पडला. राजा लेकीला कुशीत घेऊन ढसाढसा रडला.

मग त्याने थोरल्या बहिणीकडे पालखी धाडली, धुरीची मडकी बागेत ओळीने मांडून त्यांत माती भरली आणि स्वतःच्या हाताने धणे पेरले. त्या वर्षी राज्यात भोपळे ठेवायला जागा पुरेना. पुढे एकदा आचारी आमटीसाठी कोथिंबीर खुडायला आला, तेव्हा राजाने त्याचा हात धरला.

"तिला हात लावू नकोस, बाबा," राजा म्हणाला. "चित्रलतेच्या आईच्या नावाची ओळ आहे ती."