खाऱ्या पाण्याचे पोबजे

मुरंग्याची खाडी समुद्राला मिळते तिथून वर जाऊ लागलात, तर दोन्ही काठांवर एकच आडनाव सारखे भेटत राहते. पोबजे. मुरंग्यात पोबजे, पलीकडे पालशेळीत पोबजे, तांबडवाडीत तर अर्धी वाडी त्यांचीच. होडी दुरुस्त करणाऱ्याच्या पाटीवर तेच, पोस्टमास्तरांच्या दारावर तेच. क्रिकेटच्या संघात इतके पोबजे असतात की धावा पुकारणारा कोणाचेही आडनाव घेतच नाही. शेवटचे पोबजे भेटतात कोंडखोलला. तिथे पाणी गोड लागायला लागते, होडीचा तळ गोट्यांवर घासतो, आणि आडनावही थांबते. त्याच्या वरच्या गावात एकही पोबजे नाही. घाटावर तर हे नाव कोणी ऐकलेलेही नसते.

खाडी ओलांडणारी तर, म्हणजे होडी, येईपर्यंत धक्क्यावरच्या शेडमध्ये बसलेले पाहुणे या आडनावाबद्दल हटकून विचारतात. शेजारी तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची, पाटी घेऊन शेवंतामावशी पोबजे बसलेल्या असतात. नाव विलायती दिसते, असे कोणी म्हटले की त्या मान डोलावतात.

"विलायतीच आहे. पण आम्हाला ते साहेबानं नाही दिलं. पवळाआजीनं दिलं."

आणि मग होडी आली तरी पाहुणे उठत नाहीत.

ही पवळा म्हणजे मुरंग्याच्या गोमा तांडेलची एकुलती एक लेक. गोमा गावाच्या मोठ्या पडावावरचा, म्हणजे शिडाच्या होडीवरचा तांडेल, खलाशांचा म्होरक्या. बायको लवकर गेली, मुलगा झाला नाही. शिडाची गलबते गोड्या पाण्यासाठी खाडीच्या तोंडाशी थांबत, तेव्हाची ही गोष्ट, असे सांगतात.

अशाच एका विलायती गलबताने एक माणूस वाळूवर आणून ठेवला आणि ते निघून गेले. माणूस तापाने फणफणलेला. रोग गलबतभर पसरेल म्हणून त्याला उतरवला होता. उशाशी पाण्याचा एक बुधला आणि पायाशी सुतारकामाच्या हत्यारांची पेटी. माणूस मरणार, हे ठेवणाऱ्यांनाही ठाऊक होते आणि लांबून बघणाऱ्या गावालाही. लोक बघून परतले. पवळा परतली नाही. तिची नजर त्या पेटीवर खिळली होती. मरायला टाकलेल्या माणसाजवळ कोणी हत्यारे ठेवते का? गलबतावरच्या कोणीतरी याच्या जगण्याची थोडी आशा धरली असणार, आणि ती आशा आता उन्हात एकटी पडली आहे, असे तिच्या मनाने घेतले. तिने घरून जुने शीड आणून त्याच्यावर सावली धरली आणि पेज आणून त्याच्या ओठांना लावली.

ताप उतरला. गोमाने त्याला पडवीत जागा दिली आणि विचारले, "नाव काय रे तुझं?"

माणसाने छातीवर हात ठेवला. "पॉबजॉय."

"पोबजे," गोमा म्हणाला.

त्याने मान हलवली, पुन्हा नीट सांगितले. गोमानेही पुन्हा नीट ऐकले. "तेच. पोबजे." शेवटी दमून तोही म्हणाला, "पोबजे."

तो भाषा शिकला ती पवळाच्या तोंडून. ती जे बोलेल ते तो बोलून बघायचा. पेज घे. पेज घे. अरे, तू घे. तू घे. पाणवठ्यावर बायका हसायच्या आणि पवळाला तिच्या पोपटाची खुशाली विचारायच्या. एकदा अंगणातल्या आंब्यावर पोपटांचा थवा उतरला. हे काय, असे त्याने बोटाने विचारले. पवळाने सांगितले, हेच पोपट, तुला म्हणतात ते. तेव्हा त्याने आधी पोपटांकडे बोट दाखवले, मग स्वतःच्या छातीकडे, आणि तो हसता हसता खालीच बसला. त्याच्या मुलखात त्याच्या आडनावाचा अर्थ पोपट असाच होता म्हणे. खरेखोटे गावची देवी जाखमाता जाणे. पण त्या दिवशी पवळाही पोट धरून हसली, आणि आई गेल्यापासून घरात न ऐकलेले ते हसू गोमाने माजघरात बसून ऐकले.

दोघांचे लग्न जमातीने सहजी मान्य केले नाही. तोवर वादळात फुटलेले गावातले बरेचसे पडाव त्याने पुन्हा पाण्यात घातले होते, त्याच्या कामाबद्दल कोणाची तक्रार नव्हती. पण जमातीतला म्हातारा भागा म्हणाला, "हा ना आपल्या पाण्याचा, ना आपल्या देवाचा. उद्या पोरं झाली तर नाव कुणाचं लावायचं?"

"त्याचंच," गोमा म्हणाला. "नाव आहे त्याला. आपल्या तोंडात बसत नाही, ती आपल्या तोंडाची खोड."

यावर भागालाही हसू आले. पोबजेने जाखमातेपुढे नारळ ठेवला, आणि लग्न लागले.

त्यांना तीन मुली झाल्या. थोरली बायजा, मधली गोजरा, धाकटी तान्ही. गोजरा बापवेडी. तो फळ्या तासत बसला की ही हत्यारांच्या पेटीवर बसून त्याच्याशी गप्पा मारायची, आणि तो तिला आपल्या भाषेतली गाणी म्हणून दाखवायचा. घरात बोलताना तो स्वतःला पोबजे म्हणायचा, पण लेकीला निजवताना मात्र आपले नाव मूळच्या ढंगात सांगायचा. पॉबजॉय. गोजरा ते ऐकत झोपायची.

असे सुखाचे दिवस चालले असताना खाडीच्या तोंडाशी एक लढाऊ गलबत येऊन लागले. डोलकाठी मोडलेली, सुतार लढाईत मेलेला. मुरंग्यात त्यांच्याच देशाचा सुतार आहे, हे त्यांच्या कानावर गेले होते. हत्यारबंद शिपाई घेऊन त्यांचा अधिकारी किनाऱ्यावर उतरला. पोबजे पळून राहिलेला माणूस आहे, तो मुकाट्याने आला नाही तर वाळूवरचे सगळे पडाव जाळू, असे त्याने बजावले. गोमा कुऱ्हाड घेऊन पुढे झाला, त्याच्यामागे गाव उभे राहिले. जावयाने सासऱ्याच्या हातातली कुऱ्हाड हळूच काढून घेतली.

"पडाव जळले तर पोरं खातील काय?" तो म्हणाला. गावाला समजावे म्हणून तो मराठीतच बोलला.

मग तो पवळाजवळ आला. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा दरसाल सरकतो, नवखी होडी भरतीच्या ओढीने कुठल्या गावाला लागेल याचा नेम नसतो, हे त्यालाही ठाऊक होते.

"मी येईन," तो म्हणाला. "भरती कुठं नेईल ते सांगता येत नाही. मी नुसतं नाव विचारेन."

"विचार," पवळा म्हणाली. "कुठल्याही दारात विचार. ओ देतील."

गलबत दिसेनासे झाल्यावर ती तडक जाखमातेपुढे जाऊन उभी राहिली. या खाडीत खारे पाणी आहे तोवर हे नाव बुडू देणार नाही, असे ती बोलली. तोच तिचा नवस.

पण नवस बोलणे वेगळे आणि पोटच्या पोरींच्या जिवावर तो फेडणे वेगळे. घरात सगळ्या मुली. लग्न झाले की नवऱ्याचे नाव लागायचे आणि पोबजे हे नाव तिथेच संपायचे. म्हणून पवळाने अट घातली, की जावयाने मुलीचे नाव लावायचे. अख्ख्या खाडीत तिची टिंगल झाली. बायजाचे नशीब, की पालशेळीचा ढाकू तिला मागायला आला. तो म्हणाला, "आमच्यात नाव चालवायला भाऊ आहेत चिक्कार. एक मी कमी पडलो तर कुणाच्या ध्यानातही यायचं नाही." पालशेळीत पोबजे आले ते असे.

गोजराचे मात्र तसे झाले नाही. तिचा जीव कोंडखोलच्या केशा भोवडावर जडला होता आणि केशाचा तिच्यावर. केशाचा बाप हरी भोवड अट ऐकून ताडकन उठला. "माझा पोरगा बायकोचं नाव लावणार? मग मी मिशा तरी कशाला ठेवू?" बोलणे तिथेच मोडले. केशा दुसरीकडे लग्नाला तयार होईना, गोजरा झुरू लागली. तिच्या बरोबरीच्या मुलींची मुले चालायला लागली. एके दिवशी जाळे सावरताना तिने ते आईच्या पुढ्यात टाकून दिले.

"बाबा यायचे नाहीत, आई. सगळ्या गावाला कळलंय, तुला एकटीला कळत नाही. एका नावापायी तू मला जिवंतपणी वाळत घातलीस."

पवळाला त्याहून जास्त लागले ते पोरीच्या डोळ्यांत पाणी नव्हते याचे. लहानपणी हीच गोजरा बापाची वाट बघत खडकावर बसून राहायची, उचलून आणावी लागायची. वाट बघून बघून जिचे पाणी आटले, तिला आणखी थांब कसे म्हणायचे? पवळा रात्रभर तळमळली आणि सकाळी लेकीच्या केसांना तेल लावता लावता म्हणाली, "जा. नवऱ्याचं नाव लाव. नवस मी बोलले होते, तू नव्हतीस."

गोजरा भोवड झाली आणि कोंडखोलला गेली. माहेरी ती क्वचितच येई, आणि आली तरी बापाचा विषय काढत नसे. पुढे तान्ही तांबडवाडीला दिली, तिच्या नवऱ्याने कुरकुर न करता नाव घेतले. पण पवळा खाडीकडे बघत बसली की तिची नजर वरच्या अंगाला जाई. तिकडे एक दार ओ देणार नव्हते.

पुष्कळ वर्षे गेली. गोमा गेला, पवळाचे केस पांढरे झाले. मग एका पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला एका व्यापारी गलबताने खाडीच्या तोंडाशी एक म्हातारा छोट्या होडीत उतरवला. वल्हवणारे परक्या मुलखातले. दांडा सरकून पार दुसऱ्या अंगाला गेलेला. पाण्याने होडी अशी उचलली की मुरंगे कधी मागे पडले ते त्यांना कळले नाही, पालशेळ आणि तांबडवाडीही निघून गेली. होडी थांबली ती गोट्यांना घासून, भर दुपारी, कोंडखोलला.

काठावरचे पहिलेच घर भोवडांचे. हरी भोवड बाजेवर पडला होता, केशा जाळे विणत होता, गोजरा दारात तिसऱ्या धूत होती. म्हातारा काठी टेकत अंगणात आला. इतकी वर्षे वापरावाचून त्याची मराठी झिजून गेली होती म्हणे. सांगायचे खूप असावे, ओठ हलत होते, पण शब्द येईनात. शेवटी त्याने छातीवर हात ठेवला.

"पॉबजॉय?"

"इथं नाही कोणी," हरी बाजेवरूनच म्हणाला. "खाली जा."

शब्द त्याला कळले नाहीत, हललेली मान कळली. तो परत फिरला.

गोजराच्या हातातले भांडे तसेच राहिले. आई म्हणायची पोबजे, बहिणी म्हणायच्या पोबजे, सारी खाडी पोबजे म्हणायची. हे नाव असे म्हणणारे तोंड जगात एकच होते, आणि ते तिने झोपेच्या काठावर कानाशी ऐकले होते.

"थांबा!" ती ओरडली. "हेच घर. पोबजेंचंच घर आहे हे!"

म्हातारा थांबला. गोजरा ओल्या हातांनी धावली आणि तिने त्याचे दोन्ही हात धरले.  केशाने जाळे खाली ठेवले. "ऐकलंत ना," तो म्हणाला, "या, बसा." मग दोघांनी हरीकडे पाहिले. हरी भोवडाने एकदा सुनेकडे बघितले, एकदा त्या दमलेल्या म्हाताऱ्याकडे. तो बाजेवर उठून बसला, आणि सरकून त्याने शेजारी जागा केली.

त्या दिवसापासून कोंडखोलचे भोवड पोबजे झाले, असे सांगतात. कोणी तसे ठरवले नाही. पण गोजरा बोललेले खोटे पडू द्यायचे नाही, एवढे त्या घराने मनाशी धरले.

ओहोटी लागताच केशाने होडी काढली. गोजरा बापाला धरून बसली होती. मुरंग्याच्या काठावर पवळा कालवांचे शिंपले फोडत बसली होती, होडी कोणाची ते तिला दिसत नव्हते. पाण्यावरून नुसता आवाज आला, थकलेला, विचारणारा.

"पोबजे?"

पवळा उठली. पदराला हात पुसले. आणि साऱ्या काठाला ऐकू जाईल अशी तिने ओ दिली.

पुढे तो त्याच घरात राहिला आणि तिथेच म्हातारपणाने गेला. शब्द त्याला हळूहळू परत आले, काही आलेच नाहीत. पवळाला त्याचे काही अडले नाही म्हणतात.

कोंडखोलच्या वर हे नाव नाही ते एवढ्याचसाठी. तिथे होडी जात नाही, तर नाव विचारायला येणार कोण? खाऱ्या पाण्याच्या वर दिलेल्या मुली नवऱ्याचे नाव लावतात, त्याला कोणाची हरकत नसते. पण खाडीकाठी नांदणार असेल, तर जावई पोबजे होतो.

आजही या गावांत पोबजेंच्या मुलीचे लग्न असले की नवरदेव होडीतून येतो. कुठूनही आला तरी शेवटचे थोडे अंतर त्याला पाण्यावरून यावे लागते. काठ जवळ आला की त्याने उभे राहून विचारायचे, "पोबजे?" आणि नवरीने ओ दिल्याखेरीज पाय उतरवायचा नाही. गेल्या वैशाखात शेवंतामावशींच्या नातीचे लग्न झाले. मुलगा कोल्हापूरचा. जन्मात होडीत बसलेला नाही, दोन्ही हातांनी काठ गच्च धरून बसलेला. लाजत लाजत उभा राहिला आणि इतक्या हळू बोलला की ते वल्हवणाऱ्यालाही ऐकू गेले नाही. काठावरच्या म्हाताऱ्या ओरडल्या, मोठ्यानं विचार रे, पाणी मध्ये आहे! मग त्याने छाती भरून हाक मारली.

नवरीने ओ दिली. तिच्यामागून तिच्या आईने दिली, शेवंतामावशींनी दिली, आणि पलीकडे पालशेळीच्या काठावर कपडे धुणाऱ्या बायकांनीही, लग्न कोणाचे ते न विचारता, पिळे हातात धरून ओ दिली.