धुक्यातल्या खाडीची हाक

फार फार मागे एका खाडीकाठी एक गाव होतं. तिथलं धुकं इतकं दाट, की माणूस आधी ऐकू यायचा आणि मग दिसायचा. म्हणून रोज तिन्हीसांजेला एक म्हातारी धक्क्यावर उभी राहून हाक घालायची, "हेला होऽऽ!" त्या आवाजाच्या रोखाने होड्या खडक चुकवून किनाऱ्याला लागत. हाकेचा अर्थ मात्र कुणालाच ठाऊक नव्हता.

पुढे परमुलखातल्या होड्या मीठ-खोबरं घेऊन येऊ लागल्या. त्यांना ही हाक कळेना. कुणाला वाटे पाखरू, कुणाला भूत. होड्या पलीकडच्या बंदराला वळू लागल्या. आता दारावरून गिऱ्हाईक परत जाताना कोण बघत बसेल?

एका संध्याकाळी गावकरी धक्क्यावर आले. "आजी, सरळ 'इकडे या' म्हण की!"

"नाही म्हणणार."

"तुझ्या हाकेला आता मासेसुद्धा येत नाहीत गं!"

"नकोत येऊ!"

हट्टी, खुळी म्हणत सगळे हसत घरी गेले. एका कोळ्याची नवी सून तेवढी मागे राहिली. म्हणाली, "आजी, का हो नको?"

म्हातारी धुक्याकडे बघत म्हणाली, "माझा लेक होडी घेऊन गेला, तो अजून आला नाही. त्याला हीच हाक ठाऊक. उद्या आला आणि परकी हाक ऐकली, तर हे आपलं गाव नव्हे म्हणून पुढे जाईल गं."

इतक्यात धुक्यातून आरडाओरडा आला. एक परकी होडी खडकांकडे सरकत होती. म्हातारीने जीव तोडून हाक दिली, "हेला होऽऽ!" होडी आणखीच भरकटली. आतून एक तरणा आवाज ओरडला, "कुणी आहे का होऽऽ?"

म्हातारीच्या मनात आलं, हाही कुणाचा तरी लेकच.

"इकडे याऽऽ! इकडे ये रे बाळा!"

होडी वळली, धक्क्याला लागली. चिंब भिजलेले खलाशी तिच्या पाया पडले. ती मात्र रडत होती. "आता माझा कसा येईल?"

सुनेने तिचा हात धरला. "उद्यापासून नवी हाक मी घालते, जुनी तुम्ही घाला. एवढ्या मोठ्या धुक्यात दोन हाका सहज मावतील."

तेव्हापासून खाडीवर दोन हाका घुमू लागल्या. लेक आला की नाही, ते कुणी सांगत नाही. म्हातारी गेली, तरी जुनी हाक गावाने थांबवली नाही.

तात्पर्य म्हणाल तर एवढंच: जुनं न सोडणाऱ्याला हट्टी म्हणण्याआधी, तो कुणाची वाट बघतोय ते विचारावं, आणि वाट बघणाऱ्यानेही दाराशी आलेल्याला त्याला कळेल अशी हाक द्यावी.