वल्ही खाली ठेवणारं गाव

राजांची नावंही आता कुणाला आठवत नाहीत, इतक्या जुन्या काळी एका रुंद नदीकाठी नावाड्यांचं गाव होतं. पलीकडच्या राजानं ते जिंकलं आणि टेकडीवर ठाणं बसवलं. शिपाई गावचं धान्य लुटत आणि नावाड्यांकडूनच ते नदीपार पोचवून घेत.

गावात सुभाना आणि त्याची धाकटी बहीण तुळजा राहत. सुभाना एकदा म्हणाला, "होडीच्या तळाला भोक पाडतो. बुडू देत सगळे!"

"दादा, तुझा राग खोटा नाही. पण त्यानं आपण सुटणार नाही."

सुभानानं ऐकलं नाही. शिपायांना घेऊन निघालेली होडी त्यानं भर नदीत बुडवली आणि स्वतः पोहून आला. शिपाई वाहून गेले. ठाण्यावर उरलेल्यांनी चिडून निम्मं गाव जाळलं.

सुभाना राखेत बसून राहिला. तुळजानं त्याला पाणी पाजलं आणि ती हळूच म्हणाली, "आता माझ्या वाटेनं येशील?"

सकाळी सगळे नावाडी वल्ही खाली ठेवून वाळूत बसले. शिपायांनी त्यांना मारलं. तुळजाचा हात मोडला. सुभाना ताडकन उठला, पण तिनं दुसऱ्या हातानं त्याला खाली बसवलं. त्या दिवशी कुणी होडी सोडली नाही. नंतरही नाही.

नदीत जागोजागी भोवरे होते आणि वाट फक्त नावाड्यांना ठाऊक होती. धान्य पलीकडे जाईना, शिपायांचा पगार इकडे येईना. शेवटी ठाणेदार काठावर आला. "तुमचं गाव तुम्ही परत घ्या. पण आम्हाला घरी कोण पोचवणार?"

"आम्हीच," तुळजा म्हणाली.

शिपाई भीतभीत होड्यांत बसले. सुभानानं वल्हं हातात घेतलं. "कडेला घट्ट धरा. मधे पाणी ओढतं," एवढंच तो बोलला.

पैलतीरावर आया वाट बघत होत्या. एक म्हातारी प्रत्येक होडीत वाकून बघत होती. तिचा मुलगा कुठेच नव्हता. सुभानानं तिचे पाय धरले. "आई, त्याला मी बुडवलं."

म्हातारी कोसळली. बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले, तर तुळजा तिला एका हातानं धरून बसली होती. दुसरा हात गळ्यात बांधलेला होता.

"हे आमच्या पोरांनी केलं?" तिनं विचारलं.

तुळजानं मान डोलावली. म्हातारीनं तो हात आपल्या पदरात घेतला आणि दोघी रडल्या.

जुलमाला साथ नाकारूनही देश सुटतो, आणि मग शत्रूच्या आईसमोर मान खाली घालावी लागत नाही.